क्यूचा लिनन रॅप काळवंडला आहे आणि टेबलाच्या कापडावर चहा-हळदीचे डाग पडले आहेत : काय करावे?

खारघरकर

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये आठ फुटी पूल टेबल आहे आणि यंदा त्याची देखभाल माझ्याकडे आली आहे. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

पहिली माझ्या स्वतःच्या क्यूबद्दल, म्हणजे बॉल मारायच्या काठीबद्दल. त्याच्या मुठीवर आयरिश लिननचा रॅप (पकडीसाठी गुंडाळलेला दोरा) आहे, पांढऱ्यावर हिरवे ठिपके असलेला. पावसाळा लागल्यापासून तळहाताला सतत घाम येतो आणि मागचा हात जिथे बसतो तिथे रॅप करडा, चिकट व केसाळ झाला आहे. घरी एकाने खोबरेल तेलाचा हात फिरवायला सांगितले, दुसऱ्याने साबणाच्या पाण्याने धुवायला. मी अजून यांतले काहीच केलेले नाही.

दुसरी टेबलाबद्दल. गेल्या रविवारी मुले खेळत असताना कडेवर ठेवलेला चहाचा कप कलंडला. शेजारीच बटाटावड्याचा पिवळा डाग आधीपासून होता. साफसफाई करणाऱ्याने दोन्हींवर कपडे धुण्याची पावडर टाकून ब्रशने घासले, तेव्हा पिवळा डाग चक्क लाल झाला आणि तेवढ्या भागातले कापड खरखरीत झाले. हळू मारलेला बॉल तिथून जाताना किंचित वळतो. नव्या कापडाचा खर्च समितीपुढे मांडण्याआधी हे वाचवता येईल का, हे जाणून घ्यायचे आहे.

नौपाड्याचा क्यूवाला

आपण तेल लावले नाही हे फार चांगले केले. लिनन तेल पिते आणि ते पुन्हा सोडत नाही. रॅप कायमचा काळा पडतो, आणि त्या हाताने टेबलाला स्पर्श केला की तेच तेल कापडावर उतरते.

रॅप केसाळ का होतो ते आधी सांगतो, म्हणजे उपाय पटेल. लिननचा दोरा क्यूच्या खाचेत घट्ट गुंडाळून त्यावर खळीसारखा थर देतात आणि दाबून तो गुळगुळीत करतात. घामाने ही खळी हळूहळू निघून जाते, दोऱ्याचे तंतू फुगून उभे राहतात आणि त्या उभ्या तंतूंत मळ अडकतो. म्हणजे मळ काढायचा आणि तंतू पुन्हा बसवायचे, अशी दोन कामे आहेत.

रॅपच्या दोन्ही टोकांना जिथे लाकूड सुरू होते तिथे लाकडावर रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी लावा, कारण त्या सांध्यातून पाणी आत गेले तर पॉलिश उचलले जाते. पांढरे सुती फडके ओले करून इतके पिळा की त्यातून एकही थेंब पडू नये, आणि दोरा ज्या दिशेने गुंडाळला आहे त्याच दिशेने, म्हणजे क्यूभोवती गोल फिरवत पुसा. लांबीच्या दिशेने पुसलेत तर दोरे सरकतात. फडके मळले की घडी बदला. साबण नको, आणि क्यू नळाखाली तर कधीच धरू नका. रॅपखालचा गोंद सुटला की दोरा सैल पडतो. मग क्यू पंख्याखाली पूर्ण दिवस वाळू द्या. पावसाळ्यात दोन दिवस लागले तरी थांबा.

वाळल्यावर गुळगुळीत चामड्याचा तुकडा, तो नसेल तर साध्या खाकी कागदाची घडी, रॅपभोवती घट्ट धरून हाताला ऊब लागेपर्यंत गोल घासा. तंतू बसतात आणि हाताला पूर्वीसारखी गुळगुळीत पकड लागते. रंग मात्र पूर्ण पांढरा होणार नाही. थोडी करडी छटा राहील आणि खेळाला तिची काहीच अडचण नाही. उभे तंतू लायटरने जाळण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कारण पॉलिश अगदी शेजारी असते. दोरा तुटू लागला असेल तरच नवा रॅप घाला, आणि तो लेथवर क्यू फिरवून काम करणाऱ्याकडूनच घालून घ्या, म्हणजे रॅप आणि लाकूड एका पातळीत येतात.

वाशीची वाचक

दादांनी रॅपचे सविस्तर सांगितले आहे, म्हणून मी फक्त कापडाबद्दल लिहिते.

डाग लाल का झाला, याचे कारण स्वयंपाकघरातलेच आहे. हळदीचा रंग आम्लात पिवळा राहतो आणि क्षारात लाल होतो. कपडे धुण्याची पावडर क्षारयुक्त असते. पांढऱ्या कपड्यावरचा आमटीचा डाग साबण लावताच लाल झालेला आपण सर्वांनी पाहिला आहे. पूलच्या चांगल्या कापडात मुख्यतः लोकर असते आणि थोडे नायलॉन. सिमोनिस ८६० या पूलच्या कापडात लोकर ९० टक्के आहे. लोकरीला क्षार मानवत नाही, सौम्य आम्ल मात्र ती सहन करते. त्यामुळे अर्धा पेला थंड पाण्यात एक चमचा पांढरे व्हिनेगर मिसळून, आधी कडेखाली न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून रंग सुटत नाही ना ते पाहावे, आणि मग पिळलेल्या पांढऱ्या फडक्याने डाग बाहेरून आत टिपत जावे. लाल रंग पिवळ्यावर येईल आणि राहिलेली पावडरही निघेल. त्यानंतर साध्या पाण्याच्या ओलसर फडक्याने टिपावे. पिवळी छटा पूर्ण जाईल असे आश्वासन मी देणार नाही. हळद तशी सुटत नाही.

टिपणे आणि घासणे यांतला फरक साफसफाई करणाऱ्याला जरूर समजावून सांगा. ओली लोकर घासली की तिचे तंतू एकमेकांत गुंततात, जसे स्वेटर चुकीचा धुतल्यावर आटतो. तुमचा खरखरीत भाग त्यातूनच झाला आहे आणि तो पूर्ववत होणे कठीण आहे. दूध घातलेल्या चहासाठीही थंड पाणीच वापरावे, गरम नाही. वाळवायला ड्रायर किंवा इस्त्री आणू नये : कापडाखाली स्लेटच्या फरश्या असतात, त्यांचे सांधे पुष्कळदा मेणाने भरलेले असतात आणि मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. मेण खाली बसले की सांध्यावर बॉल उडतो आणि टेबल उघडावे लागते. स्नूकरच्या लव असलेल्या कापडाला इस्त्री करतात हे खरे, पण पूलच्या बिनलवीच्या कापडाचा तो उपचार नव्हे.

तेलाचा डाग ताजा असेल तर त्यावर कॉर्नफ्लॉवर भुरभुरून तासभर ठेवावे आणि मग कमी ओढीच्या व्हॅक्यूमने उचलावे.

नौपाड्याचा क्यूवाला

ताईंचे म्हणणे अगदी योग्य आहे. एक भर घालतो. क्यूच्या टोकाला लावतात त्या चॉकचे निळे डाग साधे समजू नका. आपण चॉक म्हणतो तो फळ्यावरचा खडू नव्हे. १८९७ साली अमेरिकेत विल्यम हॉस्किन्स आणि विल्यम स्पिंक्स यांनी पेटंट घेतल्यापासून त्यात सिलिका आणि कठीण अपघर्षक भुकटी असते. ती कापडात रुतली की बॉल तिच्यावरून फिरत राहतात आणि धागे झिजवतात. म्हणून चॉक टेबलापासून दूर उभे राहून लावावा, तो कडेवर ठेवताना निळी बाजू वर असावी, आणि खेळ संपल्यावर कापड एकाच दिशेने झाडून बॉल ओलसर फडक्याने पुसावेत. हाताला पावडर लावणाऱ्यांना हातमोजा घ्यायला सांगा, कारण पावडर आणि घाम मिळून कापडावर लेप बसतो.

खारघरकर

दोघांचेही मनापासून आभार. रॅप दोन दिवस वाळवून खाकी कागदाने घासला. पकड परत आली आहे आणि हाताला चिकटपणा लागत नाही. लाल डाग व्हिनेगरने फिकट पिवळा झाला. खरखरीत भागावरून बॉल अजून वळतो, परंतु तो पॉकेटजवळ असल्यामुळे या वर्षी कापड बदलायचे नाही असे ठरले आहे. चहासाठी भिंतीलगत वेगळे टेबल ठेवले आहे. एकच विचारायचे राहिले : पावसात रात्री टेबलावर रेक्झिनचे आवरण घालावे का?

वाशीची वाचक

कापड हाताला कोरडे लागत असेल तरच घालावे. दमट कापडावर रेक्झिन घातले तर ओल आत कोंडते आणि बुरशीचा वास धरतो. अशा दिवशी वर सुती चादर पसरावी आणि पंखा चालू ठेवावा.