स्नो टायरची चार चाकं नोव्हायहून श्रूसबरीला: स्वस्तात कशी धाडावी?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आम्ही मिशिगनमधलं नोव्हाय सोडून ॲरिझोनात फिनिक्सला मुक्काम हलवतोय. गराजमध्ये टोयोटा कोरोलाचे चार स्नो टायर (बर्फात चालवायचे) पडून आहेत, स्टीलच्या रिमवर चढवलेले, साइझ २०५/५५ आर १६. फिनिक्सच्या वाळवंटात ते घेऊन काय करू? मेहुणा मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूसबरीला असतो, त्याला हवेत. इथल्या एका पॅकिंगच्या दुकानात विचारलं, तर त्यांनी असा आकडा सांगितला की मी चाक उचलून परत गाडीत टाकलं. कुणी चाकं पाठवली आहेत का? दोन-दोन एकत्र बांधली तर स्वस्त पडेल ना?

— कोरोलावाला, नोव्हाय

----

अहो, पाठवायचं कसं हे नंतर. पाठवण्यासारखे आहेत का ते आधी बघा. टायरच्या अंगावर डीओटी अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाचा. ३५२१ असेल तर २०२१ सालचा ३५वा आठवडा. सहा-सात वर्षांपूर्वीचे निघाले तर भाड्याचे पैसे वाया. नक्षीची खोलीही मोजा. कायद्याला बहुतेक राज्यांत २/३२ इंच चालते, पण बर्फात ४/३२ च्या खाली गेलेला टायर निव्वळ नावाचा स्नो टायर.

आणि मेहुण्याची गाडी कोरोलाच आहे ना? कॅमरी असेल तर विषयच संपला. कोरोलाचे पाच बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर, कॅमरीचे ११४.३ च्या.

— कँटनच्या वहिनी

----

वहिनी, मेहुण्याचीही कोरोलाच, माझ्यासारखीच २०२०ची एलई. टायर २०२२चे, नक्षी ८/३२. म्हणजे पाठवायला हरकत नाही.

— कोरोलावाला

----

कोरोलावाले,

दोन-दोन बांधायचा विचार सोडून द्या. नोकरीची बरीच वर्षं माझी मालवाहतुकीत गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यूपीएस आणि फेडेक्स या दोन्ही कुरियर कंपन्या दोन वजनं बघतात. एक काट्यावरचं, दुसरं आकारावरून काढलेलं. लांबी, रुंदी, उंची इंचात मोजून गुणायची आणि १३९ ने भागायचं. दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे. तुमच्या टायरचा व्यास जेमतेम २५ इंच, जाडी ९ च्या आसपास. स्टीलच्या रिमसकट वजन ४०-४५ पौंड भरेल. बाथरूमच्या काट्यावर चाक हातात घेऊन उभे राहा, मग स्वतःचं वजन वजा करा.

आता खोक्याचा हिशेब. २६ × २६ × १० इंचाच्या घट्ट खोक्याचं आकारी वजन ४९ पौंड. तेच चाक "मिळालं त्या" २८ × २८ × १२ च्या खोक्यात घातलंत, तर ६८. चाक तेच, भाडं जवळजवळ वीस पौंडांनी जास्त. दुकानदार जवळ असेल तो खोका काढतो आणि आपण मान डोलावतो, तुमच्या त्या आकड्यामागे बहुधा हेच असावं. दोन चाकं एकत्र घातली की आकारी वजन ९३ होतं, ते एक वेळ सोडा, पण खरं वजन ५० पौंडांच्या वर जातं. ५० ओलांडले की हाताळणीचा जादा आकार लागतो, आणि तो किरकोळ नसतो. म्हणून चार चाकं, चार खोकी.

"टायरला खोका कशाला, लेबल चिकटवा आणि द्या" असंही कुणी सांगेल. देता येतं. पण पुठ्ठ्यात पूर्ण न झाकलेल्या गोल वस्तूला यूपीएस तोच जादा आकार लावते, नियमात टायरचं नाव घेऊन लिहिलंय. सायकलच्या दुकानातून रिकामी खोकी मागून आणा (फुकट देतात, त्यांना ती टाकायचीच असतात) आणि कापून मापाची करा.

स्टीलच्या रिमला फार लाड लागत नाहीत. दोन्ही बाजूंना टायरच्या मापाच्या पुठ्ठ्याच्या चकत्या, व्हॉल्व्हवर टोपी, वरून स्ट्रेच रॅप, मग खोक्यात. आत काही हलता कामा नये. हवा थोडी कमी करा, सगळी काढू नका. रिमच्या कडेला धक्का लागू नये म्हणून टायरच तर आहे. रिममध्ये नट वगैरे सुटे टाकू नका, खोकं फाडून बाहेर येतात. पत्त्याची एक चिठ्ठी आतही ठेवा.

लेबल काउंटरवर काढू नका. पायरेट शिपसारख्या साइटवर घरबसल्या काढा, यूपीएस आणि पोस्ट दोन्हींचे सवलतीचे दर तिथे समोरासमोर दिसतात. पोस्टाची मर्यादा ७० पौंड, तेव्हा बसतं, पण दोन घनफुटांवरच्या खोक्याला पोस्टही वेगळे पैसे लावतं. बहुतेक वेळा यूपीएसच परवडेल.

चारही पॅलेटवर लावून ट्रक फ्रेटने पाठवायचा मार्ग आहे, पण घरपोच आणि लिफ्टगेटचे (ट्रकमागची माल उतरवायची वरखाली होणारी फळी) पैसे धरले की त्यातली मजा जाते. मेहुण्याच्या ओळखीत एखादं गराज असेल आणि माल तिथे उतरवता येत असेल, तर विचारून बघा.

— ट्रॉयचे काका

----

सप्रेम नमस्कार. चर्चा उद्बोधक आहे, पण गणपतीच्या हॉलचा विषय कुणीतरी याच धाग्यात घुसडला होता, तो मी वेगळा केला आहे. कृपया तिकडे उत्तर द्यावे.

— सचिव

----

काकांचं २६ × २६ × १० वाचून बेरीज केली. बरोब्बर ६२! विमानाच्या चेक-इन बॅगेची मर्यादाही लांबी-रुंदी-उंची मिळून ६२ इंच आणि वजन ५० पौंड. म्हणजे कोरोलाचं चाक बॅग म्हणून चढतं. बोस्टनला कुणी कामाला जात असेल तर एखादं चाक त्याच्या दुसऱ्या बॅगेच्या पैशात जाईल. काही एअरलाइन्स टायर घेत नाहीत, तेव्हा आधी फोन करा. आमच्या होंडा सीआर-व्हीच्या चाकाचा व्यासच २९ इंच, त्याला हे नाही जमणार.

— फार्मिंग्टन हिल्सहून

----

माझा मुलगा वूस्टरला शिकतो, पुढच्या शनिवारी गाडीने परत जातोय. श्रूसबरी त्याच्या अगदी शेजारी. डिकीत त्याचं सामान आहे, मागच्या सीटवर दोन चाकं बसतील. चार म्हणालात तर त्याला फराळाचे डबे मांडीवर घ्यावे लागतील, आणि ते तो करणार नाही. एकच अट: तो कॅनडातून जाणार नाही. दुसऱ्याचे टायर गाडीत घेऊन विंडसरच्या सीमेवर प्रश्नोत्तरं नकोत. टोलेडो, क्लीव्हलंडवरून जाईल. दोन तास जास्त लागले तरी चालेल.

— कँटनच्या वहिनी

----

वहिनी, देव तुमचं भलं करो. दोन चाकं तुमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी आणून देतो, जुन्या चादरीत गुंडाळून, म्हणजे सीट काळी होणार नाही. उरलेली दोन यूपीएसने. आजच वजन केलं, ४३ पौंड भरलं. रोचेस्टरच्या सायकलवाल्याकडून खोकी आणली. मुलाच्या पेट्रोलमध्ये माझाही वाटा, नाही म्हणू नका.

— कोरोलावाला

----

पेट्रोलचं बघू. काका, एक राहिलं: मेहुण्याच्या गाडीला स्टीलऐवजी अलॉयच्या रिम असतील तर नटांचं काय?

— वहिनी

----

बरं विचारलंत. काही टोयोटांच्या अलॉयला सपाट वॉशरचे नट असतात, ते स्टीलच्या रिमवर वापरायचे नाहीत. स्टीलला शंकूच्या तोंडाचे लागतात, १२ × १.५ मापाचे. मेहुण्याला एक नट काढून फोटो पाठवायला सांगा. सपाट निघाला तर कोरोलावाल्यांनी आपले वीस नट पिशवीत घालून मुलाच्या हाती द्यावेत. आणि चाकं बसवल्यावर पन्नासेक मैलांनी टॉर्क रेंचने पुन्हा आवळायला सांगा.

— ट्रॉयचे काका