खिशातले जादा मॅगझिन: खबरदारी की निष्कारण ओझे?

धागालेखक

झाकून पिस्तूल बाळगण्याचा परवाना असलेल्या माणसाने सोबत जादा मॅगझिन, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, ठेवावे का, आणि ठेवायचेच असेल तर पट्ट्यावरच्या पाकिटाऐवजी पँटच्या खिशात ठेवणे योग्य का, या प्रश्नावर मला चर्चा हवी आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: ठेवावे, आणि खिशातच ठेवावे. गेली कित्येक वर्षे पिस्तूल उजव्या कमरेला आणि जादा मॅगझिन डाव्या पुढच्या खिशात, ही माझी पद्धत आहे.

जादा मॅगझिन म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, हा माणूस लांबलेल्या गोळीबाराची तयारी करतो आहे. माझे कारण वेगळे आहे. पिस्तुलाच्या सगळ्या भागांत मॅगझिन हाच सर्वांत नाजूक भाग असतो. पातळ पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पेटी, आत स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर काडतुसांना वर ढकलणारा फॉलोअर आणि तोंडाशी वरचे काडतूस अडवून धरणाऱ्या दोन वळवलेल्या कडा, ज्यांना नेमबाज लिप्स म्हणतात, एवढीच त्याची रचना. मॅगझिन जमिनीवर आपटून या कडा जराशा फाकल्या, स्प्रिंग थकली किंवा तळाची पट्टी निसटली, की उत्तम पिस्तूलही अडते. त्यातला सर्वांत वाईट प्रकार डबल फीडचा. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत, काडतूस किंवा न निघालेली पुंगळी अडकलेली असताना मागून दुसरे काडतूस येऊन तिच्यावर आदळते, आणि तेव्हा मॅगझिन ओढून काढल्याशिवाय पिस्तूल मोकळे होत नाही. जे मॅगझिन बिघाडाचे कारण असू शकते तेच पुन्हा आत बसवायचे, की चांगले तपासलेले दुसरे बसवायचे, एवढाच प्रश्न उरतो. माझे उत्तर खिशात असते.

खिसाच का, याचे कारण दिसण्याशी निगडित आहे. पट्ट्यावरचे पाकीट शर्टाखाली स्वतंत्र उंचवटा करते, आणि हात वर केला की प्रथम तेच उघडे पडते. खिशातले चपटे मॅगझिन मात्र मोबाइलसारखे दिसते. झाकून बाळगण्याचा अर्थच मुळी आसपासच्या माणसांना अस्वस्थ न करणे आणि स्वतःकडे लक्ष वेधून न घेणे हा आहे.

मोजकेच बाळगा

आपली मांडणी प्रामाणिक आहे, पण तिच्याशी मी असहमत आहे, आणि असहमतीचे मूळ तांत्रिक नाही. नागरिकाचे पिस्तूल कशासाठी असते? प्रसंगातून जिवंत बाहेर पडण्यासाठी. पोलिसाला पाठलाग करावा लागतो, जागा सोडता येत नाही, गुन्हेगाराला ताब्यात घ्यावे लागते. आपल्यावर यांपैकी एकही जबाबदारी नाही. पहिल्या मॅगझिनमधून वाट मोकळी झाली की निघून जाणे हेच आपले काम, आणि ती मोकळी झाली नाही तर मॅगझिन बदलण्याइतका वेळ आपल्याला मिळेल हे गृहीत कशावर धरायचे?

आजची छोटी पिस्तुलेही लक्षात घ्या. २०१५ साली आलेल्या ग्लॉक ४३ मध्ये ६ काडतुसांचे मॅगझिन होते. २०१८ च्या सिग पी३६५ मध्ये जवळपास तेवढ्याच आकारात १० बसू लागली. जादा मॅगझिन बाळगण्याचे एक जुने कारण त्यामुळे आपोआप क्षीण झाले आहे.

आणि खिसा ही मर्यादित जागा आहे. रक्तस्राव थांबवणारा टूर्निकेट, लहान विजेरी आणि मोबाइल यांचा उपयोग मला वर्षभरात कितीतरी प्रसंगी होऊ शकतो. रस्त्यावर अपघात झालेला दिसला तर टूर्निकेटने एखाद्याचा जीव वाचेल. जादा मॅगझिनने त्या माणसाला काय मिळणार? सोबत पंधरा काडतुसांचे मॅगझिन घ्यावे आणि टूर्निकेट गाडीत ठेवावा, हा क्रम मला उलटा वाटतो.

जुना प्रशिक्षक

बरीच वर्षे परवानाधारकांना शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की या वादात दोन्ही बाजूंकडून मुख्य गोष्ट सुटते, आणि ती म्हणजे मॅगझिन खिशात नेमके कसे ठेवलेले आहे.

वर्गात आलेल्या माणसांना मी पहिल्याच दिवशी खिशातले मॅगझिन टेबलावर ठेवायला सांगत असे. निम्म्यांच्या मॅगझिनमध्ये कापडाचे तंतू, धुळीचे गोळे आणि तंबाखूचा चुरा निघे. एकदा तर वरच्या काडतुसाच्या पुढे, लिप्सच्या खाली, एक छोटे नाणे जाऊन बसलेले निघाले. ते मॅगझिन पिस्तुलात गेले असते, पण पहिलेच काडतूस चढले नसते. किल्ल्यांबरोबर ठेवलेल्या मॅगझिनमध्ये वरचे काडतूस हळूहळू पुढे सरकते आणि गोळीचे टोक मॅगझिनबाहेर डोकावू लागते; असे मॅगझिन घाईत विहिरीत, म्हणजे मुठीतल्या पोकळीत, सरळ जातच नाही. त्यामुळे धागालेखकांचे मॅगझिन जर उघडे, इतर वस्तूंसोबत पडलेले असेल, तर बिघाडावरचा उपाय म्हणून ते जे बाळगत आहेत ते स्वतःच बिघाडाचे घर आहे.

खिशात फक्त मॅगझिन असावे आणि ते खिशासाठी बनवलेल्या पाकिटात उभे राहावे. तळ वर, लिप्स खाली आणि गोळ्यांची टोके पुढे. असे ठेवले की हात खिशात घालताच तर्जनी मॅगझिनच्या पुढच्या कडेवर येते आणि तिच्याच दिशेने ते पिस्तुलात जाते. हाताला डोळ्यांची गरज लागत नाही. आडवे पडलेले मॅगझिन चाचपून, सरळ करून, मग बाहेर काढायचे असेल तर ज्या प्रसंगासाठी ते आहे तो प्रसंग तोवर संपलेला असतो. काही जण चाकूला असते तशी चिमटी लावून मॅगझिन खिशाच्या काठाला अडकवतात. ही पद्धतही चांगली आहे, पण चिमटी बाहेर दिसते, त्यामुळे तिथे खरोखर चाकू असता तर चालले असते का याचाही विचार आधी व्हावा.

वजनाचेही सांगतो. ९ मिलिमीटरचे एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचे. १५ काडतुसांचे भरलेले मॅगझिन पाव किलोच्या आसपास जाते. हलक्या कापडाच्या सैल पँटमध्ये ते चालताना मांडीवर आपटत राहते, आणि माणूस नकळत हाताने ते सावरत राहतो. हा सावरणारा हात मला दहा पावलांवरून दिसतो. मॅगझिनचा आकार कोणाला कळत नाही, सवय कळते.

मोजकेच बाळगा

प्रशिक्षक, आपण दिलेले तपशील माझ्याच बाजूने जातात असे मला वाटते. स्वतंत्र खिसा, स्वतंत्र पाकीट, रोजची झाडझूड, हातावर ताबा, आणि एवढे सगळे अत्यंत विरळ अशा बिघाडासाठी! नीट ठेवलेल्या पिस्तुलाची बहुतेक अडचण मॅगझिनचा तळ ठोकून स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढली की सुटते. डबल फीड झालेच, तर अनोळखी धोक्यासमोर तो सोडवत उभे राहण्यापेक्षा आडोसा गाठणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

धागालेखक

आडोसा गाठणे शक्य असेल तर मीही तेच करीन. परंतु ज्याच्याबरोबर वृद्ध आई किंवा लहान मूल आहे त्याला पळण्याची मुभा नसते, आणि आडोशामागे पोहोचल्यावरही हातात चालणारे पिस्तूल असावे असे वाटणे गैर नाही. शिवाय आपण फक्त डबल फीडचा विचार करत आहात. मॅगझिन सोडण्याचे बटण पट्ट्याने किंवा गाडीच्या आसनपट्ट्याने दाबले जाऊन मॅगझिन अर्धे निसटण्याचा प्रकार मी स्वतः अनुभवला आहे. घाईत बाहेर काढलेल्या पिस्तुलातून ते जमिनीवर पडले असते, तर चेंबरमधल्या एका काडतुसावर मला भागवावे लागले असते.

अमेरिकेच्या न्यूहॉलमध्ये एप्रिल १९७० मध्ये कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल या महामार्ग पोलीस दलाचे चार अधिकारी मारले गेले. त्यांच्यातला एक जखमी अवस्थेत रिव्हॉल्व्हरमध्ये एकेक काडतूस भरत असतानाच मारला गेला. त्यानंतर त्या दलाने रिव्हॉल्व्हर एकदम भरणारे स्पीडलोडर स्वीकारले. पुन्हा भरण्याची वेळ येते, आणि ती आली की प्रत्येक सेकंद महाग असतो, हे त्या घटनेने दाखवले.

रिव्हॉल्व्हरवाला

न्यूहॉलचे उदाहरण मलाही महत्त्वाचे वाटते, पण त्याच्या सोबत दुसरेही ठेवायला हवे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे आठ एजंट आणि दोन संशयित यांच्यात झालेल्या चकमकीत दोन एजंट मारले गेले. एकाचा हात जखमी झाल्यामुळे त्याला आपले रिव्हॉल्व्हर पुन्हा भरता आले नाही. ज्याने शेवटी चकमक संपवली त्या एजंटचा डावा हात निकामी झाला होता. त्याने शॉटगन एका हाताने चालवली आणि नंतर रिव्हॉल्व्हर वापरले. मॅगझिन बदलायला सहसा दोन हात लागतात, आणि तुमचे मॅगझिन नेमके डाव्या खिशात आहे. डावा हात जायबंदी झाला तर उजव्या हातातले पिस्तूल कुठे ठेवणार आणि उजवा हात डाव्या खिशात कसा घालणार? या कारणासाठी मी पाच काडतुसांचे छोटे रिव्हॉल्व्हर दुसरे शस्त्र म्हणून बाळगतो आणि जादा मॅगझिन घेत नाही. वजन त्याचे जास्त आहे हे मान्य.

दोन्ही घटना पोलिसांच्या आणि एजंटांच्या आहेत, आणि पोलिसाच्या जबाबदाऱ्या नागरिकावर नसतात ही 'मोजकेच बाळगा' यांची हरकतही रास्त आहे. त्यांतून नागरिकासाठी थेट नियम काढू नये.

डावखुरी

सगळे प्रतिसाद पुढे खोल खिसे असलेली पँट गृहीत धरून आले आहेत. स्त्रियांच्या बहुतेक पोशाखांत पुढचा खिसा तळहाताएवढाही खोल नसतो. १५ काडतुसांचे मॅगझिन त्यातून अर्धे बाहेर डोकावते. मी डावखुरी असल्याने जादा मॅगझिन उजव्या खिशात हवे, आणि माझ्या कपड्यांत तो खिसा अनेकदा नुसता शिवणीचा देखावा असतो. म्हणून मी एका ओळीचे, ६ काडतुसांचे बारीक मॅगझिन निवडले आणि जाकिटाच्या आत स्वतंत्र खिसा शिवून घेतला. जाकीट काढून खुर्चीवर टाकण्याची सवय मात्र मोडावी लागली, कारण ते माझ्या अंगावर नसताना त्यातले मॅगझिन कोणाच्याही हाती लागू शकते.

दुसरा मुद्दा बसण्याचा. बसल्यावर पुढचा खिसा मांडीच्या वळणात दाबला जातो आणि त्यातून मॅगझिन निघत नाही. गाडीत, उपाहारगृहात, कार्यालयात आपण बराचसा दिवस बसूनच असतो. धागालेखकांनी रिकाम्या पिस्तुलावर, नकली काडतुसांसह, खुर्चीत बसून सराव केला आहे का?

जुना प्रशिक्षक

हा प्रश्न मी विचारायला हवा होता. उभ्याने सराव करणारे शंभर, बसून करणारे दोन.

एक जबाबदारी अजून कोणी बोललेले नाही. माणूस घरी आला की पिस्तूल कुलपात ठेवतो, पण खिशातले मॅगझिन पँटबरोबर दाराच्या खुंटीला टांगलेले राहते. घरात मूल असेल तर ही मोठी चूक आहे. तशीच चूक प्रवासात होते. अमेरिकेत विमानाच्या हाती सामानात रिकामे मॅगझिनसुद्धा चालत नाही. ते चेक-इन सामानातच द्यावे लागते. पिस्तूल घरी ठेवून आलेला माणूस कोटाच्या खिशातल्या मॅगझिनमुळे तपासणीत अडकतो. राज्याराज्यांचे कायदेही वेगळे आहेत: कॅलिफोर्नियात १० काडतुसांहून मोठ्या मॅगझिनवर निर्बंध आहेत, कोलोरॅडोत ती मर्यादा १५ आहे. पिस्तुलातले मॅगझिन बदलून निघालेला माणूस खिशातले बदलायला विसरतो.

धागालेखक

बसून सराव केला होता, पण फक्त हात नसलेल्या खुर्चीवर. आज गाडी उभी करून, पिस्तूल आणि सगळी खरी काडतुसे घरात कुलपात ठेवून, नकली काडतुसे भरलेल्या मॅगझिनवर आसनपट्टा लावून प्रयत्न केला. खिशातून ते बाहेर येण्यास इतका वेळ लागला की माझ्या पहिल्या प्रतिसादातली खात्री मला आता मांडता येणार नाही. उभ्या अवस्थेत पद्धत योग्य आहे, या मतावर मी कायम आहे. मॅगझिन पाकिटात नव्हते, हेही प्रशिक्षकांना सांगितले पाहिजे. वरचे काडतूस दोन मिलिमीटर पुढे सरकलेले होते. ती काडतुसे बाजूला काढली आहेत आणि पाकीट मागवले आहे. टूर्निकेटची गोष्टही पटली, तो आता उजव्या खिशात राहील.

मोजकेच बाळगा

माझे मूळ मत बदललेले नाही. नागरिकाला जादा मॅगझिनची गरज क्वचितच पडते असेच मी म्हणेन. मात्र जे बाळगतात त्यांनी रात्री पिस्तुलाबरोबर तेही कुलपात ठेवावे आणि पँट बदलताना प्रथम तो खिसा रिकामा करावा, एवढ्यावर आपल्यात मतभेद नाही.