मदत हवी आहे: मलाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पिशवीही बंद झाली, पण वडिलांचा संडासचा त्रास थांबत नाहीये

नमस्कार मंडळी, आम्ही रावेर तालुक्यातले, घरची केळीची शेती आहे. माझ्या वडिलांना (आम्ही आप्पा म्हणतो, वय साठीच्या पुढे) मलाशयाचा कॅन्सर निघाला होता. आधी शेक (रेडिएशन) आणि केमोच्या गोळ्या, मग मुंबईला ऑपरेशन, तेव्हा काही महिने संडास गोळा व्हायला पोटावर पिशवी होती, ती उन्हाळ्यात बंद केली. रिपोर्ट चांगले आहेत, सीईए (कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ततपासणी) पण नॉर्मल आलंय, त्या बाबतीत देवाची कृपा आहे. प्रश्न वेगळाच आहे आणि तो चारचौघात काढता येत नाही म्हणून इथे लिहितोय.

पिशवी निघाली की सुटलो असं आप्पांना वाटत होतं. झालं उलटंच. दिवसातून दहा-बारा वेळा तरी जावं लागतं, आणि सकाळी एकदा सुरू झालं की तासाभरात चार-पाच वेळा, दर वेळी थोडंथोडंच होतं, मोकळं वाटत नाही, येऊन खाटेवर टेकले की परत कळ. मग दुपारी बराच वेळ काही नाही आणि संध्याकाळी जेवण झालं रे झालं की पुन्हा तेच. कळ आली की दम धरवत नाही. नुसता गॅस आहे की संडास हेच त्यांना कळत नाही, त्यामुळे कधी कधी कपडे खराब होतात. खाटेखालच्या चपला कायम दाराकडे तोंड करून ठेवलेल्या असतात, झाडताना कोणी सरकवल्या तर चिडतात.

सर्जन म्हणाले याला लार्स म्हणतात, लो अँटीरिअर रिसेक्शन सिंड्रोम. मलाशय म्हणजे साठवायची टाकी, ती काढली आणि वरचं आतडं खाली ओढून जोडलं, त्याला तेवढं धरून ठेवायची सवय नाही, त्यात शेक दिल्यामुळे तिथला भाग कडक झालेला आणि नसांनाही थोडा धक्का बसतोच. पाच प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतला, 42 पैकी 30 किंवा त्याहून जास्त आले की जास्त त्रास समजतात, आप्पा त्यातच आले. पहिल्या वर्षात बराच फरक पडतो, काहींना दोन वर्षंही लागतात, आणि थोडाफार त्रास मागे राहूही शकतो असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

माझी खरी काळजी अशी की आप्पांनी खाणंच सोडलंय. कुठे जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून उपाशी. मुंबईला तपासणीला भुसावळहून रेल्वेने जायला तयार होतात कारण डब्यात सोय असते, पण जळगावला एसटीने चला म्हटलं की नको. दर हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी असायची, वांगी भाजायला काट्यांवर आप्पाच बसायचे, यंदा म्हणाले तुम्ही करून घ्या. कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी सगळं बंद आहे, वरण-भात आणि केळी यावर किती दिवस काढणार माणूस, वजन पण उतरतंय.

डॉक्टरांनी लोपेरामाईड (जुलाब थांबवायचं औषध) लिहून दिलंय पण आप्पा ते त्रास सुरू झाल्यावर घेतात, आधी घ्यायचं असतं का? इसबगोल पण दिलंय, ते तर पोट साफ व्हायला घेतात ना, मग इथे कसं चालेल? शिवाय आग इतकी होते की बसवत नाही. ज्यांच्या घरी हे होऊन गेलंय त्यांनी सांगा, माणूस परत घराबाहेर कसा काढला?

प्रतिसाद:

दादा, मी धुळ्याची, माझं हेच ऑपरेशन झालेलं आहे, आप्पांचं वाचून रडूच आलं. उपाशी राहणं आधी थांबवा. रिकाम्या पोटी गॅस आणि चिकट आव जास्त होते, कळा काही थांबत नाहीत. थोडंथोडं पण वेळेवर खाऊ द्या आणि रात्रीचं जेवण लवकर उरकायचं. लोपेरामाईड मला जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगितलं होतं, किती घ्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, मनाने वाढवू नका, नाहीतर गच्च होतं. इसबगोल भरपूर पाण्यात घेतलं तर पोट सैल करतं, कमी पाण्यात घेऊन वर लगेच पाणी प्यायलं नाही तर तेच पातळ संडास बांधून आणतं, मला त्याचाच जास्त गुण आला. आग होते तिथे कागदाने पुसायचं नाही, कोमट पाण्याने धुवायचं, मऊ फडक्याने टिपून कोरडं करायचं आणि झिंक ऑक्साईडचं मलम लावायचं.

खालचे स्नायू आवळून धरायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या, फरक हळूहळू पडतो पण पडतो. एवढं करूनही भागलं नाही तर खालून पाणी सोडून आतडं धुवायची पद्धत असते, एकदा साफ झालं की बराच वेळ मोकळा मिळतो, पण जोडलेली जागा भरलीये हे सर्जनने बघितल्याशिवाय आणि नर्सने शिकवल्याशिवाय अजिबात करायचं नाही. आणि वजन उतरतंय हे पुढच्या तपासणीपर्यंत ठेवू नका, आत्ताच फोन करून सांगा. रक्त पडलं, ताप आला, किंवा पोट फुगून उलट्या आणि गॅसही बंद झाला तर तडक दवाखाना.

ठेचा राहू द्या, पण भरीत बिनमिरचीचं, बिया काढून, दोन घास खाऊन बघा. एका वेळी एकच नवीन पदार्थ, आणि तोही घरी असताना. मळ्यात पार्टी असेल तर आडोशाला खुर्चीचा कमोड, पाणी आणि कपड्यांचा एक जोड आधीच नेऊन ठेवा आणि आप्पांना तो दाखवा, जागा माहीत असली की अर्धी घाई तिथेच कमी होते.