गाडी कुठे थांबवली? ट्रकचालकांचे अनुभव

मंडळी, बावीस वर्षं मालवाहतूक कंपन्यांच्या गाड्या चालवतोय. भेटणारे लोक विचारतात, दिवसाला किती किलोमीटर होतात, सगळ्यात लांबची फेरी कोणती. थांबण्याबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही. मला विचाराल तर आमच्या कामातलं अर्धं कसब तिथेच आहे.

कंपनीच्या ड्रायव्हरची गाडी स्वतःची नसते, माल दुसऱ्याचा, पोचायची वेळ तिसऱ्याने ठरवलेली. हातात एकच निर्णय उरतो : आता थांबतो. तो घेताना काय वाटलं, घेतला नाही तेव्हा काय झालं, ते लिहा. माल भरायच्या-उतरवायच्या धक्क्यावर रखडलात, शरीराने थांबवलं, घरच्यांनी थांबवलं, सगळं चालेल. कंपनीचं किंवा माणसाचं नाव मात्र नको.

सुरुवात मीच करतो. ट्रेलरवर पहिलाच महिना होता. चालता चालता ट्रेलरकडे जाणारी हवेची नळी फाटली, मोठा फुसकारा झाला आणि मागची चाकं जागच्या जागी आवळली गेली. मी समजलो, ब्रेक फेल. शेजारी बसलेले उस्ताद म्हणाले, "फेल नाही रे, लागलेत." तोवर माझी समजूत अशी की हवा ब्रेक लावते. पार्किंग ब्रेकच्या बाबतीत ते उलटं आहे. तिथे ब्रेक लावते ती जाड स्प्रिंग, आणि हवा त्या स्प्रिंगला दाबून मागे धरते. टाकीत हवेचा दाब सात-आठ बार झाला की चाकं मोकळी. चार बारच्या आसपास उतरली की बझर वाजतो, आणि त्याच्याही खाली गेली की स्प्रिंग सुटते आणि गाडी जखडते. म्हणजे बिघाड झाला तर गाडीने थांबावं, अशीच ती मुळात बांधलेली असते. त्या दिवसापासून बझर वाजल्यावर "पुढच्या थांब्यापर्यंत नेऊ" असं मी कधी म्हटलेलं नाही.

आता तुम्ही लिहा.

घाटातला

दादा, तुमचे ब्रेक लागले. माझे खरोखर गेले होते.

तेव्हा मी दोन वर्षांचा ड्रायव्हर होतो आणि स्वतःला पक्का समजत होतो. गाडी पूर्ण भरलेली, उतार लांब. वरच्या गिअरमध्येच उतरायला लागलो आणि वेग वाढला की पाय ब्रेकवर. दहा मिनिटांनी जळका वास आला. आरशात पाहिलं तर मागच्या चाकातून धूर. पेडल नेहमीसारखंच दबत होतं, हवा पूर्ण होती, पण गाडी ऐकेना. चाकातला ब्रेकचा ड्रम तापला की फुगतो आणि त्यावर आतून घासणाऱ्या लायनरपासून लांब सरकतो, लायनरची पकडही जाते. गाडी न्यूट्रलमध्ये काढून खालचा गिअर टाकायचा प्रयत्न केला, तो पडेना. तेवढ्या वेगात पडतच नाही. आधी हाताशी निदान इंजिन होतं, आता तेही गेलं. पुढे रस्ता चढाला लागला म्हणून वाचलो. थांबल्यावर खाली उतरता येईना, पाय थरथरत होते.

नंतर एका मेकॅनिककाकांनी हिशेब करून दाखवला. ४० टनांची गाडी ५०० मीटर खाली आणायची तर जवळजवळ ५४ युनिट विजेएवढी ऊर्जा कुठेतरी जावी लागते. ती सगळी त्या ड्रममध्ये ओतली तर ड्रम काय करणार? म्हणून उतार सुरू होण्याच्या आधी थांबायचं किंवा अगदी हळू व्हायचं, खालचा गिअर टाकायचा आणि गाडी इंजिनावर धरायची. ब्रेक अधूनमधून, पण नीट दाबून लावायचा. वेग सात-आठ किलोमीटरने उतरला की सोडायचा, ड्रमला गार व्हायला वेळ द्यायचा. पाय सतत हलका टेकवून ठेवणं सगळ्यात वाईट.

काकांनीच क्लेसी कमिन्स यांची गोष्ट सांगितली. डिझेल इंजिनवाले कमिन्स ते हेच. १९३१ साली ते न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला ट्रक घेऊन निघाले होते. कॅलिफोर्नियातल्या काहोन खिंडीच्या उतारावर ब्रेकने साथ सोडली, आणि खाली रुळांवरून मालगाडी चाललेली. थोडक्यात वाचले. ती भीती त्यांच्या डोक्यात राहिली आणि पुढे त्यांनी असा इंजिन ब्रेक तयार केला की पिस्टनने हवा दाबली की झडप उघडून ती सोडून द्यायची, म्हणजे ती पिस्टनला परत ढकलत नाही आणि इंजिन चाकांना मागे ओढतं. जेकब्ज कंपनीने १९६१ पासून तो बनवायला घेतला, म्हणून त्याला जेक ब्रेक म्हणतात. इतका मोठा इंजिनवाला माणूस जिथे घाबरला, तिथे मी घाबरलो याची मला लाज वाटत नाही.

वरच्यांना

ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी उतारावर वाळू-खडीची सुटका-वाट असते, तिच्यात मी गाडी घातली आहे. पुढचा ॲक्सल रुतला, केबिनमधलं सगळं सामान काचेवर आलं, पण गाडी शंभर मीटरच्या आत उभी. ऑफिसातून पहिला प्रश्न आला, "गाडीचं किती नुकसान?" नवीन मुलांना एवढंच सांगतो, ती वाट दिसली आणि ब्रेकची शंका असली तर विचार करत बसू नका. ती एकदाच येते.

रात्रपाळी

माझा अनुभव झोपेचा. लोकांना वाटतं डोळे जड होतात, डुलकी लागते, मग माणूस जागा होतो. खरी भीती वेगळी आहे. डोळे उघडे असतात आणि मधला रस्ता आठवत नाही. एकदा पहाटे चारच्या सुमारास एक पूल येणार म्हणून मी वाट बघत होतो, आणि लक्षात आलं की तो मागे पडलाय. मी त्यावरून गेलो होतो. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंद डोकं बंद पडलं तर नव्वदेक मीटर गाडी कुणीच चालवत नसतं.

गाडी बाजूला घेतली आणि डिस्पॅचला, म्हणजे गाड्या कुठे-कधी धाडायच्या ते ठरवणाऱ्या ऑफिसला, फोन केला की दोन तास झोपतो. तिकडून उत्तर, "सकाळी सहाचा स्लॉट आहे. तोंडावर पाणी मारा." मी म्हणालो, "साहेब, मी सतरा तास जागा आहे." ते म्हणाले, "सगळेच असतात." मी फोन ठेवला आणि झोपलो. स्लॉट गेला, त्या महिन्याचा बोनस गेला.

पुढे वाचनात आलं की १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये यावर एक अभ्यास छापून आला होता. सलग १७ तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंद होतो, २४ तासांनी ०.१० टक्क्यांइतका. पिऊन चालव, असं मला कुणी फोनवर सांगितलं नसतं. तोंडावर पाणी मार, असं मात्र सहज सांगितलं.

पाणी, मोठ्याने गाणी, उघडी खिडकी, सगळं करून झालंय. पाच-दहा मिनिटांच्या वर काही टिकत नाही. वीस मिनिटांची झोप टिकते. कॉफी घेऊन लगेच आडवं व्हायचं, ती चढायला तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर मात्र लगेच चावी फिरवायची नाही. खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारायची, टायर बघायचे, मग निघायचं.

डिस्पॅचच्या खुर्चीतून

वरचं वाचून खूप वेळ काही लिहिता आलं नाही. मी अकरा वर्षं डिस्पॅचला होतो आणि "तोंडावर पाणी मारा" हे वाक्य मी स्वतः बोललो आहे. तुम्हालाच बोललो असेन असं नाही, पण बोललो आहे.

स्क्रीनवर आम्हाला गाडीचा ठिपका दिसतो. ठिपका हलतोय म्हणजे काम चालू, उभा आहे म्हणजे अडचण, अशी नजर बनते. गाडी धक्क्यावर पाच तास उभी राहिली तर तो वेळ आम्ही कुठेच मांडत नव्हतो. ड्रायव्हरच्या दृष्टीने तो कामाचा वेळ, कारण तो झोपू शकत नाही, नंबर कधीही पुकारला जातो. आमच्या दृष्टीने तो "रिकामा" होता, मग रात्रभर चालवायला ताजा. ही चूक एका माणसाच्या स्वभावाची नव्हती, हिशेबाच्या पद्धतीतली होती.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७९ चा एक करार आहे, क्रमांक १५३. सलग चार तासांवर चालवायचं नाही, मध्ये विश्रांती. दिवसाला नऊ तास चालवणं, आठवड्याला ४८, आणि २४ तासांत सलग दहा तास विश्रांती. युरोपात साडेचार तासांनी ४५ मिनिटं थांबावंच लागतं, आणि गाडीतलं टॅकोग्राफ यंत्र ते नोंदवतं. अमेरिकेत ड्यूटी सुरू झाली की चौदा तासांच्या खिडकीत अकरा तास चालवता येतं, आणि त्या चौदात धक्क्यावरचं थांबणंही मोजलं जातं. हे आकडे मला नोकरी सोडल्यावर कळले. खुर्चीत असताना कुणी शिकवले नाहीत आणि मीही शोधले नाहीत, याचं वाईट वाटतं.

टँकर

आधी पेट्रोलच्या टँकरवर होतो. मागे केशरी पाटी, वर ३३ म्हणजे झटकन पेट घेणारा द्रव, खाली १२०३ म्हणजे पेट्रोल. तो आतून कप्प्यांचा असतो. नंतर दुधाच्या टँकरवर आलो. तो आतून गुळगुळीत, मध्ये आडव्या पट्ट्या नाहीत, कारण पट्ट्या असल्या तर धुताना कोपऱ्यात अंश राहतो. मला वाटलं दूधच तर आहे, पेट्रोलपेक्षा सोपं. पहिल्याच सिग्नलला गाडी थांबवली, पूर्ण थांबली, आणि मग दूध पुढच्या भिंतीवर आदळलं आणि अख्खी गाडी ओल्या रस्त्यावर हातभर पुढे सरकली. पुढे माणसं रस्ता ओलांडत होती. कुणाला लागलं नाही.

काठोकाठ भरलेल्या टँकरपेक्षा अर्धा भरलेला वाईट. लाटेला धावायला जागा मिळते. टँकरमध्ये दोनदा थांबावं लागतं, एकदा गाडीला आणि एकदा आतल्या मालाला. वळणावर तर मी पाटीवरच्या वेगाच्याही खाली येतो, कारण तो वेग लाट धरून काढलेला नसतो.

धक्क्यावर

नमस्कार दादा, मी या धाग्यातली पहिलीच बाई दिसते. सहा वर्षं बंद कंटेनर चालवते.

माझं थांबणं म्हणजे धक्क्यावरचं. सकाळी आठची वेळ, गाडी लागते दुपारी दोनला. उभं राहायला सावली नाही आणि बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. "ऑफिसातलं वापरू का" म्हटलं तर "ड्रायव्हरना आत परवानगी नाही" असं उत्तर. मग पाणीच कमी प्यायचं. दोन वर्षांत मूतखडा झाला. डॉक्टरांनी पाणी प्या म्हणून सांगितलं, पण जायचं कुठे ते मी कुणाला विचारू? हे लिहायला संकोच वाटत होता, पण पुरुष ड्रायव्हरांचेही हाल फार वेगळे नाहीत, म्हणून लिहिलं.

दुसरी गोष्ट सहीची. इतका वेळ थांबल्यावर बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हातात आली की कधी एकदा सही करून निघते असं होतं. एकदा तशीच केली. उतरवताना चौदा पेट्या कमी आणि काही दबलेल्या. माझी सही होती, कापले माझ्या पगारातून. आता मी नग मोजते, खोके बघते, आणि खोका ओला किंवा फाटका असेल तर बिल्टीवर तसं लिहूनच सही करते. देशादेशांमधल्या रस्तावाहतुकीसाठी १९५६ चा जिनिव्हाचा करार आहे, सीएमआर म्हणतात. त्यातही हेच आहे, की माल ताब्यात घेताना नग आणि बाहेरून दिसणारी स्थिती तपासायची, आणि शेरा मारला नाही तर माल चांगला होता असं धरलं जातं. सील लावलेला माल मोजता येत नसेल तर "न मोजता, सीलबंद" एवढं तरी लिहा. हमाल ओरडतात, सुपरवायझर घड्याळ दाखवतात. ओरडू देत.

ड्रायव्हरची बायको

धागा गाडी थांबण्याबद्दल आहे, पण मी यांच्या श्वासाबद्दल लिहिते. हे आठवड्यातून दोन रात्री घरी झोपतात. घोरणं आधीपासूनचं. एके रात्री घोरता घोरता एकदम शांत झाले. मी मोजत राहिले. बावीसपर्यंत मोजलं, मग मोठा आचका देऊन श्वास आला. रात्रभर असं चालू होतं.

यांना सांगितलं तर म्हणाले, दमलोय म्हणून. दिवसा बसल्या जागी झोप, सकाळी डोकं दुखणं, सगळं दमण्यावर ढकललेलं. मी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ऐकवला तेव्हा गप्प झाले. भीती तपासणीची नव्हती, गाडीवरून उतरवतील याची होती. झोपेची तपासणी केली, स्लीप ॲप्निया निघाला. घशाचे स्नायू झोपेत सैल पडतात, वाट बंद होते, मेंदू दर वेळी अर्धवट जागा करतो, त्यामुळे आठ तास झोपूनही झोप होतच नाही. बसून काम आणि वाढलेलं वजन यामुळे ड्रायव्हर लोकांत हा त्रास बराच दिसतो, असं डॉक्टर म्हणाले.

दीड महिना गाडी बंद. ते दिवस कसे काढले ते आम्हालाच माहीत. आता केबिनमध्ये हवेचं मशीन आहे, मास्क लावून झोपतात. मी फोनवर पहिला प्रश्न विचारते, मास्क लावला होता का? तायांनो, तुमची माणसं घरी येतील तेव्हा एक रात्र जागून ऐका.

धागा काढणारा

वहिनी, मी आज घरी आहे. हिला सांगून ठेवलंय ऐकायला.

नवीन

सगळ्यांचं वाचलं. मला चालवायला लागून चारच महिने झालेत, सांगण्यासारखं फार नाही. एक आहे.

परवा पहिल्यांदा एकट्याने ट्रेलर धक्क्याला लावायचा होता. जागा अंधाऱ्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरच्या आरशात न दिसणारी. दोन्हीकडे गाड्या उभ्या, मध्ये एका गाडीपुरती फट. स्टेअरिंग डावीकडे तर ट्रेलर उजवीकडे, हे माहीत असूनही हात उलटेच जातात. मागे चारपाच जुने ड्रायव्हर उभे. हॉर्न वाजला. उस्तादांनी शिकवलेलं आठवलं, दिसत नसेल तर थांब आणि उतर. पार्किंग ब्रेक लावला, दांडी धरून केबिनकडे तोंड करून उतरलो, मागे जाऊन पाहिलं. उजव्या कोपऱ्याला वीतभर जागा होती. परत चढलो, सरळ केली, पुन्हा मागे घेतली. पुन्हा उतरलो. तिसऱ्यांदा उतरलो तेव्हा त्या जुन्यांपैकी एक काका स्वतःहून येऊन आरशात दिसतील असे उभे राहिले. बोलले काही नाहीत, फक्त हात दाखवत होते.

चौथ्यांदा उतरलो ते दार उघडायला.