मलानविलचा पूल बंद ठेवून कोणाचं भलं होतंय?

वाटसरू:
पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशाच्या उत्तर टोकाला नायजर नदीकाठी मलानविल हे बाजाराचं गाव आहे. समोरच्या काठावर नायजर देशातलं गाया, मध्ये पूल. नायजरला समुद्र नाही. बेनिनच्या कोटोनू बंदरात उतरलेला तांदूळ याच पुलावरून वर जायचा, तिकडून कांदा आणि गुरं खाली यायची. २६ जुलै २०२३ ला नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली, इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेने निर्बंध लादले आणि वाहतूक थांबली. फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्बंध उठले. बेनिनने आपली बाजू उघडली, नायजरने उघडली नाही.

हा आपल्याच माणसांच्या पोटावर पाय आहे. दोन्ही काठांवर देंडी बोलणारी माणसं, सोयरिकी नदीपार झालेल्या. पूल बंद, म्हणून पोती ट्रकमधून उतरवून होडीत चढवायची, पलीकडे पुन्हा ट्रकमध्ये. दोनदा हमाली, वर होडीचं भाडं. हा सगळा बोजा शेवटी गायातल्या गिऱ्हाइकावरच पडतो.

सडेतोड:
सुरुवात कोणी केली तेही लिहा ना. निर्बंध लावणाऱ्यांत बेनिन होता. नायजेरियाने वीज तोडली, इकोवासने सैन्य घुसवायची धमकी दिली. अशा शेजाऱ्याला लगेच दार उघडायचं? बेनिनमध्ये फ्रेंच तळ असून तिथून आपल्याविरुद्ध कारवाया होतात, असा नायजर सरकारचा आरोप आहे. बेनिन तो नाकारतो, पण संशय असताना सीमा मोकळी सोडणं कोणत्याही सरकारला परवडत नाही.

वैनगंगा:
सडेतोड, मग एप्रिल २०२५ चं काय? उत्तर बेनिनमधल्या जिहादी हल्ल्यात बेनिनचे ५४ सैनिक मारले गेले. तो धोका डब्ल्यू अभयारण्याच्या बाजूने, तीन देशांच्या सीमा मिळतात तिथल्या जंगलातून येतो. पूल बंद करून जंगल बंद होत नाही. उलट दोन्ही सैन्यांचं बोलणंच तुटतं, आणि ते हल्लेखोरांच्या पथ्यावर पडतं.

सडेतोड:
बोलणं एकट्या नायजरने तोडलेलं नाही. मे २०२४ मध्ये बेनिनने आपल्या किनाऱ्यावरच्या सेमे इथे नायजरचं तेल जहाजात भरू दिलं नव्हतं. सीमा उघडा, तरच तेल, ही अट होती. गरीब देशाची नाडी दाबून मैत्री होत नाही.

वाटसरू:
ती अट चुकीचीच होती, मान्य. पण याच दोन देशांनी नायजर नदीतल्या लेते बेटाचं भांडण आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलं होतं. गुरं चारायचं बेट, त्यावरून वर्षानुवर्षं तणाव. जुलै २००५ मध्ये निकाल लागला: २५ बेटांपैकी १६ नायजरला, लेतेसकट, आणि ९ बेनिनला. पुलावर हद्द कुठून जाते तेही न्यायालयाने ठरवून दिलं. एवढं झाल्यावर ट्रक तपासायची पद्धत ठरवता येत नाही, हे मला पटत नाही.

सडेतोड:
तेव्हा दोघं राजीखुशीने न्यायालयात गेले होते. आज आधी पुलाच्या दोन्ही टोकांना संयुक्त पहारा हवा, ट्रक नंतर.

वैनगंगा:
पहारा ठरेपर्यंत निदान धान्य आणि औषधं तरी जाऊ द्या. पावसाळ्यात नदी फुगते तेव्हा भरलेल्या होड्यांमधून बायकापोरंही जातात. त्यांना रोज जीव धोक्यात घालायला लावणं मला कुठल्याच कारणाने मान्य नाही.