मदत हवी आहे: व्हँ शो कडू होतेय, शनिवारी माणसं येणार आहेत

घाईत
मंडळी, घरी केलेली व्हँ शो, म्हणजे मसाला घालून गरम केलेली फ्रेंच वाईन, कडू होतेय. साखर वाढवली, फरक नाही. आता गोड आणि कडू दोन्ही लागतेय. कृती नेहमीचीच आहे. शनिवारी १५ माणसं आहेत. लवकर सांगा.

पाटावरवंटा
नेहमीची म्हणजे कुणाची? वाईन कुठली, भांडं कसलं, मसाला अख्खा की पूड, आचेवर किती वेळ? आणि मुख्य म्हणजे कडू की तुरट? गिळल्यावर जिभेच्या मागे रेंगाळतं ते कडू. गाल आणि हिरड्या कोरड्या पडतात ते तुरट. दोन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे.

घाईत
रेड वाईन, दालचिनी, लवंग, चक्रीफूल, संत्रं, साखर. अजून काय असतं?

अर्धाकप
कुठली भाजी विचारल्यावर 'हिरवी' म्हणावं तसं झालं हे. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा की जरा.

खडीसाखर
रेडच्या भानगडीत पडूच नका. फ्रान्सच्या आल्झास भागात पांढरी व्हँ शो तितक्याच हौसेने पितात. सिल्व्हानेर, पिनो ब्लां किंवा एडेलझ्विकर घ्या. बाटलीमागे ६० ग्रॅम मध, लिंबाच्या सालीच्या दोन पट्ट्या, एक चक्रीफूल, दालचिनीचा तुकडा. द्राक्षाच्या सालीतलं, तोंड कोरडं करणारं टॅनिन त्यात जवळजवळ नसतंच, त्यामुळे तुरटपणाचा प्रश्नच मिटला. स्ट्रासबुर्गचा नाताळबाजार १५७० पासूनचा आहे, त्यांना कळत असेलच ना काहीतरी.

पाटावरवंटा
बाजार १५७० चा आहे म्हणून पांढरी वाईन चांगली, हे कुठलं तर्कशास्त्र? धागाकर्त्याला रेडच हवी आहे. घाईत, उत्तरं द्या.

घाईत
बोर्डो. कॅबर्ने, ओकच्या लाकडी पिंपात ठेवलेली, दोन बाटल्या. संत्र्याच्या चकत्या, लवंगा दहा-बारा, मसाला अख्खा. चाळीस मिनिटं गॅसवर, छान उकळत होती. फ्रान्समध्ये ग्रनोबलला आहे, इथे सगळं मिळतं. कडू आणि तुरट दोन्ही. झालं समाधान?

पाटावरवंटा
आता बोलता येईल.

तुरटपणा वाईनचा. कॅबर्नेत टॅनिन आधीच भरपूर, ओकची त्यात भर. उकळून पाणी आणि अल्कोहोल उडतं, टॅनिन मागे राहून दाट होतं, म्हणून उकळायचीच नाही. साखरेने ते झाकत नाही. गामे, ग्रेनाश किंवा साधी मेर्लो अशा द्राक्षांची वाईन घ्या, ओक नको. गामेचा बोजोले प्रदेश तर तुमच्याकडून फार लांब नाही. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणारी बोजोले नुव्हो यासाठी उत्तम, कारण द्राक्षं न चिरडता अख्खी आंबवतात आणि सालीतलं टॅनिन कमी उतरतं. तीन लिटरचा कुबी (खोक्यातल्या पिशवीतली वाईन) मिळाला तर तोच घ्या, गरम करायला भारी बाटली कशाला हवी?

कडूपणा संत्र्याचा. सालीखालचा पांढरा भाग चाळीस मिनिटं शिजला की कडू होणारच. चकत्या फक्त कपात, शोभेला. पातेल्यात जाईल ती बटाट्याच्या सोलाण्याने काढलेली नारिंगी साल, पांढरं न येऊ देता. आणि संत्री बिनप्रक्रियेची बघा. तिकडे पाटीवर बुरशीनाशकाचं नाव छापलेलं असतं, इमाझालिल वगैरे. अशी साल वापरू नका.

लवंगा बाटलीला तीन पुरतात. बारा घातल्या की जीभ बधिर होते आणि दालचिनी हरवते.

चक्रीफूल९
दालचिनीबद्दल कुणी विचारलं नाही. इंडियन स्टोअरमधली जाड साल ती कॅसिया. जास्त वेळ शिजली की बुळबुळीत होते आणि तिखटही असते. फ्रेंच सुपरमार्केटात सिलोनची पातळ, गुंडाळीसारखी मिळते, ती घ्या. कॅसियाच असेल तर अर्धी घाला.

नाशिककर
आम्ही नाशिकच्या वाईनमध्ये केली तर? झिनफँडेल चालेल का?

अर्धाकप
चालेल, फळकट असते. शिराझ टाळा. गोव्याची पोर्ट असेल तर साखर घालूच नका, ती आधीच गोड असते.

खडीसाखर
उकळायची नाही, हे मला पटत नाही. अनेक फ्रेंच कृतींत चक्क उकळी आणायला सांगतात, वर काडी लावून पेटवतातही. त्याशिवाय मसाला उतरत नाही.

पाटावरवंटा
मसाला उतरतो, पण वाईनमध्येच कशाला उतरवायचा? अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं. मसाला आणि साखर पाण्यात दहा मिनिटं उकळा, आच बंद करा, मग वाईन ओता. पुढे ७० च्या वर जाऊ नका. थर्मामीटर नसेल तर भांड्याच्या कडेला सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसू लागले की आच बारीक. मधोमध बुडबुडे फुटले म्हणजे उशीर झाला.

पेटवायचं तर चिमणी बंद करून, पडदे-टॉवेल लांब ठेवून. १५ माणसांच्या गर्दीत मी तरी सांगणार नाही.

खडीसाखर
पुस्तकी!

सुगरणअप्पा
सगळ्यात सोपं: दूध घाला. दुधातली प्रथिनं टॅनिनला धरतात, फाटलेलं गाळून टाकायचं. तुरटपणा गायब.

अर्धाकप
अप्पा, गरम वाईनमध्ये दूध घातलं की भुसकट होतं, रंगही फिका पडतो. गाळायला जाड कापड आणि तासन्‌तास लागतात. शनिवारी माणसं येणार आहेत, पुढच्या शनिवारी नाही.

घाईत
आता जी केली आहे तिचं काय करू? आणि भांडं विचारत होतात. आईने दिलेलं मोठं जर्मनचं पातेलं.

पाटावरवंटा
हे आता सांगताय! जर्मनच्या म्हणजे अॅल्युमिनियमच्या बिनलेपाच्या भांड्यात आंबट पदार्थ चाळीस मिनिटं उकळला की धातूची चव उतरते. वाईन आंबटच असते. लोखंडी कढईही नको, टॅनिन आणि लोखंड मिळून काळं पडतं, शाईच ती. जाड बुडाचं स्टील किंवा टवका न उडालेलं एनॅमल घ्या.

केलेल्या वाईनची चव नाणं चाटल्यासारखी लागत असेल तर ओतून द्या, ती सुटत नाही. नुसती कडू-तुरट असेल तर मसाला आणि चकत्या लगेच गाळा, तितकीच हलकी वाईन आणि एका संत्र्याचा रस घाला, चिमूटभर मीठ. मिठाने कडूपणा दबतो. साखर आणखी नको.

बिनधास्त_मावशी
गाडी चालवणाऱ्यांसाठी लाल द्राक्षाच्या रसाचं वेगळं पातेलं ठेवा हो. रसात साखर नको, लिंबू पिळा, म्हणजे वाईनसारखा आंबटपणा येतो. फ्रान्समध्ये रक्तात लिटरला ०.५ ग्रॅमची मर्यादा आहे, नव्या परवान्याला ०.२. आणि उकळलं की दारू उडून जाते यावर विसंबू नका, अर्ध्या तासानंतरही बरीच उरते.

घाईत
कुबी आणला, तीन लिटरचा, म्हणजे चार बाटल्या. स्टीलचं पातेलं शेजारणीकडून. आता माप सांगा, सगळं चौपट करू का?

पाटावरवंटा
साखर चौपट, मसाला नाही. तीन लिटरला पाणी ४०० मिली, साखर ३०० ग्रॅम, दालचिनीच्या तीन कांड्या, चक्रीफूल तीन, लवंगा आठ, जायफळ किसून चिमूटभर, दोन संत्र्यांची साल. पाण्यात दहा मिनिटं उकळा. आच बंद करून वाईन आणि संत्र्यांचा रस ओता, मंद आचेवर ७० पर्यंत नेऊन बंद करा, झाकून अर्धा तास मुरवा. मग गाळाच. मसाला तळाशी राहिला तर शेवटचे कप पुन्हा कडू. पहिला कप चाखून मगच गोडी वाढवा. १५० मिलीचे साधारण २२ कप होतील, १५ जणांना दीड फेरी.

चक्रीफूल९
राईस कुकर असेल तर गाळलेली त्यात, 'वॉर्म'वर ठेवा. 'कुक'वर नको.

खडीसाखर
आच बंद केल्यावर ६० मिली कोन्याक (फ्रेंच ब्रँडी) घाला. आणि एक बाटली पांढरीची करून बघाच.

घाईत
कुकर इंडियन आहे, शिट्टीवाला. चालेल?

अर्धाकप
नाही!!