कर्क रास आणि कर्करोग

'कर्करोग हे कॅन्सरचं मराठीत केलेलं भाषांतर, मग कर्क राशीचा इथे काय संबंध?' असं कुणी विचारलंय. संबंध खेकड्याचा. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत अशा गाठींना 'कार्किनोस', म्हणजे खेकडा म्हणत. लॅटिनमध्ये त्याचंच भाषांतर 'कान्सर' झालं. गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या पसरतात, असं पुढे गॅलेन या ग्रीक वैद्यानं लिहिलं. संस्कृतातला 'कर्कट'ही खेकडाच, तीच रास. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मात्र गाठीला 'अर्बुद' म्हटलंय. त्या शब्दात खेकडा नाही.

आमच्या आत्याच्या छातीत गाठ निघाली. बीडहून औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) तपासणीला नेलं. कागदावर 'कर्करोग' वाचून ती म्हणाली, "माही रासच कर्क हाय रे, म्हणूनच धरलं व्हय यानं?" मला हसावं की रडावं कळेना. मी ओढ्यातले खेकडे आठवून दिले, लहानपणी ती फडक्यात बांधून आणायची ते. तशी म्हणाली, "मंग त्याची नांगी मोडायची, सोपंय."

घरात अजूनही कुणी 'कॅन्सर' म्हणत नाही. 'ती गाठ' म्हणतात. ऑपरेशनला तीन वर्षं झाली, आत्या अजून शेतात जाते.